सिलोनचे गाणे आणि आमची विशी



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला इतिहासावर बोलायला सांगितले आहे. इतिहास म्हटला की लढाया, तह आणि सनावळ्या आल्याच पाहिजेत, अशी आपल्याकडे श्रोत्यांची रास्त अपेक्षा असते. ती मी मोडणार नाही. आज मी ज्या लढाईबद्दल बोलणार आहे ती १९५२ साली सुरू झाली आणि १९५७ साली तिच्यात तह झाला. एका बाजूला भारत सरकारचे नभोवाणी खाते होते, दुसऱ्या बाजूला सिनेमाचे गाणे होते, आणि रणांगण म्हणजे तुमच्याआमच्या घरातल्या कोनाड्यात ठेवलेला रेडिओ. या लढाईत मी दोन्ही बाजूंनी लढलो आहे. पहिली चार वर्षे सरकारपक्षाकडून, आणि विसाव्या वर्षी मी फितूर झालो. त्या फितुरीचा जबाब आज नव्वदीच्या घरात आल्यावर द्यावा, इतकाच माझा हेतू.

माझा जन्म १९३६ चा, मिरजेचा. मिरज म्हणजे तंतुवाद्ये करणाऱ्यांचे गाव. अब्दुल करीम खाँसाहेबांची समाधी तिथल्या दर्ग्याच्या आवारात आहे आणि उरुसाला तिथे मोठमोठे गवई हजेरी लावतात, हे आपणां सर्वांना ठाऊक आहे. परंतु माझ्या कानावर पहिले गाणे पडले ते दर्ग्यातले नव्हे. आमच्या आळीच्या तोंडाशी एक हॉटेल होते आणि त्याच्या गल्ल्याशेजारी कर्ण्याचा ग्रामोफोन होता. त्यावर सैगलच्या तबकड्या लागत, 'शेजारी'तली मास्तर कृष्णरावांची गाणी लागत, आणि आम्ही पोरे चड्डी सावरीत बाहेरच्या पायरीवर बसून ती ऐकत असू. चहाला पैसे नसत. हॉटेलवाला हाकलीत नसे, एवढीच त्याची रसिकता. वयाच्या दहाव्या वर्षापर्यंत मला पन्नासएक गाणी पाठ होती. सैगल १९४७ च्या जानेवारीत वारला तेव्हा मी घरी रडलो होतो आणि त्याबद्दल दादांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, मारही खाल्ला होता.

त्याच वर्षी दादांनी मला गाणे शिकायला एका बुवांकडे घातले. बुवांनी शिकवणी धरताना एक अट घातली. "सिनेमाचे गाणे ऐकायचे नाही. ऐकलेस तर इथे येऊ नकोस. कान एकदा विटाळला की धुता येत नाही." मी ती अट पाळली. नुसती पाळली असे नव्हे, तर दोनतीन वर्षांत मला त्या गाण्यांचा खरोखरीच तिटकारा वाटू लागला. पायरीवरच्या सोबत्यांकडे मी तुच्छतेने पाहू लागलो. लहान वयात आलेल्या शहाणपणासारखे दुसरे कठोर काही नसते.

आता बुवांची बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर इतिहास एकांगी होईल. बुवा एका लहानशा संस्थानाच्या पदरी होते. १९४८ साली दक्षिणेतली संस्थाने विलीन झाली आणि लोकशाहीच्या त्या मंगल पहाटे गवयांच्या घरातली चूल विझली. दसऱ्याचा पोशाख गेला, महिन्याचा तनखा गेला. तिकीट काढून ख्याल ऐकणारा श्रोता त्या वेळी मुंबईपुण्यात होता, खेड्यातालुक्यांत नव्हता. हॉटेलच्या गल्ल्याशेजारचा ग्रामोफोन मात्र दिवसभर वाजत होता. बुवांना त्या कर्ण्याचा राग यावा, यात नवल कसले?

अशा वेळी, १९५२ साली, डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे केंद्रात माहिती व नभोवाणी खात्याचे मंत्री झाले. हे गृहस्थ आपले पुण्याचे. पॅरिसला शिकलेले, काशी विद्यापीठात संस्कृत शिकविलेले, आणि स्वतः शास्त्रोक्त गाण्याची तालीम घेतलेले. दहा वर्षे ते त्या खुर्चीवर होते. त्यांची नालस्ती करण्याची आता फॅशनच झाली आहे. म्हणून आधी त्यांचे ऋण मांडतो. संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम त्यांच्याच कारकिर्दीत १९५२ च्या जुलैत सुरू झाला. नभोवाणी संगीत संमेलने त्यांच्याच काळात भरू लागली. राजेरजवाडे गेले, आता सरकारनेच गवयाचा आश्रयदाता झाले पाहिजे, हा त्यांचा विचार होता आणि तो त्यांनी अमलात आणला. कलावंतांची परीक्षा घेऊन त्यांना श्रेणी देण्याची पद्धत त्यांच्या काळात पक्की झाली. आमचे बुवा त्या परीक्षेत उतरले. त्यांना वर्षातून काही वेळा रेडिओचे बोलावणे येई, करारपत्राचा लिफाफा येई, आणि तो लिफाफा ते देवापुढे ठेवीत. केसकरांचे नाव ते 'साहेब' असे घेत. त्यामुळे सिनेमाच्या गाण्याविरुद्ध साहेबांनी शस्त्र उपसले तेव्हा आमच्या शिकवणीच्या खोलीत आनंदीआनंद झाला.

ते शस्त्र कसे चालले ते पाहण्याजोगे आहे. पुष्कळांची समजूत अशी की मंत्र्यांनी एक फर्मान काढले आणि गाणी बंद झाली. तसे घडले नाही. चित्रपटगीतांचा वेळ आधी कमी करण्यात आला. मग कोणती गाणी लावण्यायोग्य आहेत हे पाहण्यासाठी चाळण लागली. पाश्चात्त्य चालींची उसनवारी आणि शब्दांचा सवंगपणा, हे मुख्य आक्षेप. त्यानंतर असे ठरले की गाणे लावताना गाणाऱ्याचे नाव सांगावे, परंतु चित्रपटाचे नाव सांगू नये, कारण ती जाहिरात होते. निर्मात्यांचे खरे दुखणे इथे होते. त्यांना रेडिओपासून मिळणारा मोठा लाभ म्हणजे चित्रपटाचे नाव लोकांच्या कानांवर जाणे. तेच गेल्यावर त्यांनी आपली गाणी लावण्याची परवानगी काढून घेतली, आणि १९५२ साल संपता संपता नभोवाणीवरून चित्रपटगीत जवळजवळ नाहीसे झाले. सरकारने बंदी घातली असे म्हणा की निर्मात्यांनी संप केला असे म्हणा, परिणाम एकच.

आपल्या नभोवाणीला अशा सोवळ्याची सवय नवी नव्हती. १९४० सालापासून तिथे हार्मोनियमला मज्जाव होता. तिच्या पट्ट्यांतून श्रुती निघत नाहीत, मींड निघत नाही, हे तिच्यावरचे आरोप. आरोप खरे आहेत. पण ज्या महाराष्ट्राचे नाट्यसंगीत पेटीच्या मांडीवर वाढले, ज्या गोविंदराव टेंब्यांनी पेटीला गळ्याची प्रतिष्ठा मिळवून दिली, त्या महाराष्ट्रात हा मज्जाव कसा रुचावा? तो सुटायला १९७१ साल उजाडले. असो.

इकडे दार बंद झाले आणि तिकडे समुद्रापलीकडे एक खिडकी उघडीच होती. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांच्या आग्नेय आशियाच्या सेनापतित्वाने सैनिकांसाठी कोलंबोला एक जबरदस्त प्रक्षेपणकेंद्र उभारले होते. युद्ध संपल्यावर ती यंत्रसामग्री सिलोन सरकारच्या हाती आली. तोफा वितळवून नांगर करावेत अशी भाषा आपण ऐकतो. इथे सैनिकांचे मनोधैर्य टिकविणारे यंत्र दंतमंजन आणि चहा विकू लागले. मुंबईत कार्यक्रम मुद्रित करायचे, फिती विमानाने कोलंबोला धाडायच्या, आणि तिथून शॉर्टवेव्हवर ते सबंध हिंदुस्थानात ऐकवायचे, असा हा व्यापार होता. पुढे नट म्हणून गाजलेले सुनील दत्तही आधी सिलोनसाठी नटनट्यांच्या मुलाखती घेत असत.

३ डिसेंबर १९५२ रोजी, बुधवारी, 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. निवेदक अमीन सयानी तेव्हा वीस वर्षांचेही पुरते नव्हते. त्यांचा जन्म २१ डिसेंबर १९३२ चा. त्यांच्या मातोश्री कुलसुम सयानी यांनी गांधीजींच्या प्रेरणेने नवसाक्षरांसाठी 'रहबर' नावाचे पाक्षिक चालविले होते. एकच सोपी हिंदुस्थानी भाषा, पण देवनागरी, उर्दू आणि गुजराती अशा तीन लिप्यांत. मुलगा त्या कामात लहानपणापासून हातभार लावी. रस्त्यावरच्या माणसाला कळेल असे कसे बोलावे हे तो तिथे शिकला. म्हणजे गांधीजींच्या प्रौढशिक्षणाचे फळ दंतमंजनाच्या कामी आले. यावर हसावे की गंभीर व्हावे, हे मला आजही ठरविता आलेले नाही.

आरंभी कार्यक्रमात सात गाणी लावीत आणि श्रोत्यांनी त्यांचा क्रम लावून धाडायचा, बरोबर येईल त्याला बक्षीस, असा साधा खेळ होता. सयानींच्या सांगण्याप्रमाणे पहिल्याच खेपेला नऊ हजार पत्रे आली आणि पुढे हा आकडा आठवड्याला पासष्ट हजारांवर गेला. एवढी पत्रे तपासायची कोणी? म्हणून बक्षीस बंद करून लोकप्रियतेच्या क्रमाने गाणी लावण्याची प्रथा सुरू झाली. बुधवारी रात्री आठ वाजता रस्त्याने चालताना गाणे तुटत नाही, एका घरातून दुसऱ्या घरात पोचते, हे दृश्य ज्यांनी पाहिले नाही त्यांना ते शब्दांनी सांगणे कठीण.

मी पुण्याला शिकायला आलो १९५४ साली. राहायला एक खोली आणि जेवायला खाणावळ. खाणावळीच्या मालकांनी छपरावर तांब्याच्या जाळीची एरियल बांधली होती आणि बुधवारी आठच्या पंगतीला पाट मिळणे मुश्किल असे. मी त्या दिवशी मुद्दाम सातला जेवून जात असे, आणि जाताना तोंड वाकडे करून जात असे. दोन वर्षे मी हा बाणा सांभाळला. १९५६ च्या पावसाळ्यात एका रविवारी मात्र उशीर झाला. ताटावर बसलो तोच सिलोनवर फर्माइशीच्या कार्यक्रमात 'अनारकली'तले लताबाईंचे एक गाणे लागले. १९५३ साली वर्षभरात पहिले आले होते तेच. रेडिओकडे माझी पाठ होती. पावसाळी हवेने आवाज मधूनच बुडत होता, वर येत होता. आणि माझा हात थांबला, कारण जे ऐकू येत होते ते भीमपलास होते.

बुवांनी मला सहा महिने भीमपलास दिला होता. कोमल निषादावरून षड्जावर कसे यायचे, यासाठी मी छड्या खाल्ल्या होत्या. ते येणे या बाईच्या गळ्यात इतके सहज होते की मला प्रथम आनंद न होता संतापच आला. मग संताप ओसरला आणि भात निवला. वाढप्याने विचारले, "काय हो, आमटी नको का?" मला उत्तर सुचले नाही.

श्रोतेहो, लहानपणी हॉटेलच्या पायरीवर मी जे प्रेम केले ते आंधळे होते. ते टाकले हे कदाचित बरेच झाले. विसाव्या वर्षी तेच गाणे पुन्हा भेटले तेव्हा माझ्या कानाला नऊ वर्षांची तालीम होती, आणि ती तालीम गाण्याच्या आड येण्याऐवजी मला त्याच्या आत घेऊन गेली. बुवांनी ज्या कानाची राखण केली त्याच कानाने मी पळून गेलो. पुढच्या काही महिन्यांत मी झपाटल्यासारखा एकेक गाणे परत मिळवीत सुटलो. सकाळी साडेसात ते आठ या वेळात सिलोनवर जुन्या चित्रपटांतली गाणी लागत आणि शेवटचे गाणे सैगलचे असे. दहाव्या वर्षी रडून निरोप दिलेला माणूस मला रोज सकाळी आठच्या ठोक्याला भेटू लागला.

हा अनुभव माझ्या एकट्याचा असता तर मी आपला वेळ घेतला नसता. खाणावळीतले निम्मे जण याच वाटेने आले होते. कोणाला घरच्या धाकाने, कोणाला संघटनेच्या शिस्तीने, कोणाला परीक्षेच्या भीतीने हे गाणे सोडावे लागले होते, आणि स्वतःच्या पायावर उभे राहताच ते त्यांनी पुन्हा धरले होते. महाराष्ट्राच्या इतिहासात याला फार जुना दाखला आहे. पेशवाईच्या उत्तरकाळातला सोलापूरचा राम जोशी. पोरवयात धोंडी शाहिराच्या तमाशाचे वेड लागले म्हणून विद्वान पुराणिक भावाने घराबाहेर काढले. पंढरपूरला जाऊन त्याने शास्त्राध्ययन केले, व्युत्पन्न पंडित होऊन परत आला, कीर्तने केली, आणि अखेर पुन्हा डफतुणतुण्यातच जाऊन उभा राहिला, असे परंपरेने सांगतात. पण परत आलेला राम जोशी तो जुना पोर नव्हता. त्याच्या लावणीत संस्कृत वृत्तांची ऐट आणि पंडिताची शब्दकळा आली ती पंढरपुराहून. तो सोलापुरातून हललाच नसता तर आणखी एक शाहीर झाला असता.

मी जसजसा चौकशी करू लागलो तसतशी आणखी एक गोष्ट ध्यानात आली. ज्या दोन घरांमध्ये सरकारने भिंत घातली होती ती दोन घरे मुळी नव्हतीच. पहिला मराठी बोलपट 'अयोध्येचा राजा', १९३२ चा. त्याचे संगीत केले गोविंदराव टेंब्यांनी, 'मानापमान' च्या चाली देणाऱ्या टेंब्यांनी. 'माणूस' आणि 'शेजारी' मास्तर कृष्णरावांचे, आणि ते भास्करबुवा बखल्यांचे पट्टशिष्य. 'अनारकली'चे सी. रामचंद्र म्हणजे पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर. ज्या वर्षी गाणी बंद झाली त्याच १९५२ साली 'बैजू बावरा' आला, आणि त्यात अमीर खाँसाहेब आणि बापूराव पलुस्कर यांनी जुगलबंदी गायिली. बापूराव कोण? ज्या विष्णु दिगंबरांनी गाणे देवघरात नेऊन बसविले त्यांचे चिरंजीव. त्यांना सिनेमाचा विटाळ झाला नाही, तो माझ्यासारख्या शिकाऊ पोराला होणार होता!

दुसऱ्या अंगाने गोव्याचे लोक. तिथल्या चर्चच्या शाळांमधून मुलांना पाश्चात्त्य स्वरलेखन शिकवीत. ती मुले मोठी होऊन मुंबईला आली आणि चित्रपटांच्या वाद्यवृंदात बसली. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, हळदोण्याचे 'चिक चॉकलेट' म्हणजे अँटोनियो वाझ, सेबॅस्टियन डिसोझा ही त्यांतली ठळक नावे. संगीतकार चाल गाऊन दाखवी, हे तिचे स्वर कागदावर मांडीत आणि चाळीस-पन्नास वादकांना वाटून देत. शेजारी सारंगी घेऊन रामनारायण बसलेले असत. ते दिल्ली नभोवाणीची नोकरी सोडून १९४९ साली मुंबईला आले होते. केसकरांना ज्या मिश्रणाची भीती वाटत होती ते मिश्रण खरेच होते. फक्त ते करणारी माणसे अडाणी नव्हती, आपापल्या विद्येत मुरलेली होती.

सरकारने यावर उत्तर शोधले ते सुगम संगीताचे. चांगले कवी आणि चांगले गायक घेऊन नभोवाणीने स्वतःच गाणी निर्माण करावीत. योजना उत्तम होती, आणि तिला सर्वांत गोड फळ आले ते आपल्या पुणे केंद्रावर. १ एप्रिल १९५५, रामनवमी, त्या दिवशी 'गीतरामायण' सुरू झाले. दर आठवड्याला एक गाणे. मध्ये अधिक मास आला म्हणून बावन्नाची छप्पन्न गाणी झाली. घरोघरी रेडिओला हार घालून लोक ऐकायला बसत, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. आमच्या खाणावळीचे मालक तर त्या वेळेपुरती विडी विझवीत. आता हे लिहिले कोणी? ग. दि. माडगूळकरांनी. चाली कोणाच्या? सुधीर फडक्यांच्या. हे दोघे कोण? 'लाखाची गोष्ट' सारख्या चित्रपटांचे गीतकार आणि संगीतकार! चित्रपटगीताला पर्याय उभा करायचा तर तो उभा करायलाही चित्रपटाचीच माणसे लागली. राम जोशावरच्या १९४७ च्या बोलपटाचे लेखकही माडगूळकरच, हा आणखी एक योगायोग.

तोच प्रकार १९५७ साली दिल्लीत घडला. सिलोनपुढे हात टेकून ३ ऑक्टोबरला सरकारने 'विविध भारती' सुरू केली आणि चित्रपटगीत मानाने परत बोलाविले. हे काम उभे करायला बोलाविले पं. नरेंद्र शर्मा यांना, म्हणजे पुन्हा चित्रपटांच्या गीतकारालाच. पहिले गीत त्यांचे, चाल अनिल विश्वासांची, आवाज मन्ना डे यांचा. केसकर तेव्हा मंत्रिपदावर होतेच. पराभव मान्य करण्याचीही एक खानदानी रीत असते, ती त्यांनी पाळली असे मी समजतो. १९६७ साली त्याच विविध भारतीवर मुंबई, नागपूर, पुणे या केंद्रांवरून जाहिरातीही सुरू झाल्या, आणि 'जाहिरात होते' हा १९५२ चा आक्षेप दप्तरात जमा झाला.

एवढे सांगूनही सिलोनला मी लोकशाहीचा विजयस्तंभ म्हणणार नाही. तिथे आवड श्रोत्याची असली तरी थैली दंतमंजनवाल्याची होती. पुष्कळ टाकाऊ गाणीही तिथे पायरी चढून गेली आणि पुष्कळ चांगली खालीच राहिली. केसकरांचे निदान अगदीच चुकले नव्हते. कान घडवावा लागतो हे त्यांचे म्हणणे मला आजही मान्य आहे. चूक झाली ती घडलेल्या कानावर विश्वास न ठेवण्यात. पुढे कुमार गंधर्वांसारख्या गवयाने लताबाईंवर लेख लिहिला आणि त्यांच्या गाण्याने सामान्य माणसाचा कान सुरांकडे वळला असे मोकळेपणे सांगितले. ते वाचले तेव्हा मला त्या निवलेल्या भाताची आठवण झाली.

बुवांना मी माझी फितुरी कधी सांगितली नाही. १९५८ च्या हिवाळ्यात रेडिओच्या कार्यक्रमासाठी ते पुण्याला आले आणि माझ्या खोलीवर उतरले. मी तेव्हा नोकरीला लागलो होतो आणि हप्त्याने एक रेडिओ घेतला होता. नेमका बुधवार. पावणेआठला मी काहीतरी निमित्त काढून रेडिओवर टॉवेल टाकला. बुवा संध्या आटोपून आले, सतरंजीवर बसले, आणि शेजारच्या बिऱ्हाडातून भिंतीपलीकडून गीतमाला सुरू झाली. मी खाली मान घालून पान लावीत होतो. एक गाणे झाले, दुसरे झाले. तिसऱ्यात मध्येच सारंगीचा तुकडा आला, चार-पाच सुरांचाच. बुवांनी मान किंचित तिरकी केली.

"हा रामनारायण असावा," ते म्हणाले. मग थोडे थांबून, "तुझा रेडिओ नादुरुस्त आहे का रे?"

मी टॉवेल काढला.